उन्हाळी इंटर्नशिपमध्ये ट्रायल प्लॉटचं स्काऊटिंग: नागपूरकडच्या ॲग्रीच्या पोरापोरींसाठी पहिल्या दिवसापासून सगळं

सहाव्या सेमची परीक्षा झाली की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, ताई इंटर्नशिप तर मिळाली पण तिथं नेमकं करायचं काय. मी तिसऱ्या वर्षानंतर नागपूरजवळच्या एका ट्रायल फार्मवर तीन महिने काढले, मेच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत. काम एकच, स्काऊटिंग, म्हणजे रोज सकाळी कपाशी आणि सोयाबीनच्या प्लॉटात फिरायचं, किडी मोजायच्या, झाडं मोजायची, लिहून आणायचं. ऐकायला सोपं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. पण कोणतं वाण चांगलं, कोणतं औषध चालतं, हे सगळं जे नंतर शिफारस म्हणून शेतकऱ्यापर्यंत जातं त्यातला मूळ आकडा असाच कोणीतरी सकाळी सात वाजता चिखलात उभं राहून पानं उलटून लिहिलेला असतो, आणि तो तिथं चुकला तर पुढे कितीही मोठा माणूस बसला तरी त्याला तो सुधारता येत नाही. म्हणून इतकं बारीक लिहितेय.

जागा कुठं शोधायची आणि कधी

नागपूर या बाबतीत नशीबवान आहे. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासून, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो आहे, महाराजबागेजवळ आपलं कृषी महाविद्यालय आणि त्याची स्वतःची जमीन आहे, वर अंकुरसारख्या बियाणे कंपन्या नागपूरच्याच. प्रत्येक ठिकाणी दरवर्षी घेतातच असं नाही, पण विचारायला काय जातं. जानेवारी-फेब्रुवारीतच कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र तयार ठेवा आणि पत्रात "कोणतंही काम चालेल" असं लिहू नका, पीक लिहा, काम लिहा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता ते लिहा. "कपाशीतील रसशोषक किडींची निरीक्षणं घेण्याचं काम शिकायचं आहे" असं लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं की या मुलीला कुठं उभं करायचं.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. नाव उन्हाळी इंटर्नशिप असलं तरी आपल्याकडे खरं स्काऊटिंग पावसाळ्यात असतं. नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटच्या कडक उन्हात, वावर मोकळं असतं, तेव्हा आखणी, खुंट्या, पाट्या, बियाण्याची उगवण चाचणी असली कामं चालतात. पेरणी मृग लागल्यावर, तीही ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्यावर, आणि पहिलं खरं निरीक्षण जूनच्या शेवटी किंवा जुलैत. त्यामुळे ज्यांची सुट्टी जूनलाच संपते त्यांनी संत्र्याच्या बागेतलं काम मागावं, तिथं काळी माशी, सायला या किडी आणि डिंक्या रोग हे बघायला मिळतं. आणि ज्यांना ऑगस्टपर्यंत थांबता येतं त्यांनी कपाशी घ्यावी, माझं सरळ मत आहे, शिकायला कपाशीएवढं पीक नाही.

सामान

दहा पट मोठं दाखवणारी भिंग, गळ्यात दोरीनं अडकवायची, खिशात ठेवली की हरवते. जाड पुठ्ठ्याची फिल्ड बुक आणि पेन्सिल, दोन पेन्सिली, पेन अजिबात नाही कारण एक सर आली की शाई पसरते. मीटर टेप, सुतळी, परमनंट मार्कर, प्लॅस्टिकच्या झिप पिशव्या, एक पांढरा कागद पुठ्ठ्याला चिकटवलेला, छोटं ब्लेड. बोटानं दाबायचा काउंटर मिळाला तर फार बरं, शंभरेक रुपयांची वस्तू असेल पण डोकं वाचवते. कपड्यात पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट, दुपट्टा, टोपी आणि गमबूट. काळ्या जमिनीत साधे शूज घालून गेलात तर प्रत्येक पावलाला एकेक किलो माती उचलाल.

पहिले पंधरा दिवस: ट्रायल समजून घ्या

इथं बहुतेक जण घाई करतात. प्लॉटवर पाठवलं की लगेच पानं उलटायला लागतात. त्याआधी आराखडा हातात घ्या, वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं काढा. साधारण आरबीडी असतो, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाईन, वर्गात शिकलेलो असतो पण जमिनीवर पहिल्यांदाच दिसतो. आमच्याकडे ८ ट्रीटमेंट होत्या, म्हणजे तुलना करायचे आठ प्रकार, आणि ३ रेप्लिकेशन, म्हणजे तेच आठ पुन्हा पुन्हा मांडलेले तीन ब्लॉक, असे २४ प्लॉट. ब्लॉक असे का पाडलेत ते विचारा. आमच्या वावराला पूर्वेकडे उतार होता, खालच्या बाजूला पाणी साचायचं, म्हणून प्रत्येक ब्लॉक उताराला आडवा घेतला होता, जेणेकरून एका ब्लॉकमधल्या आठही ट्रीटमेंटला साधारण सारखी जमीन मिळेल. हे कळलं की पुढं तिसऱ्या ब्लॉकमधली झाडं बुटकी का हे आपोआप कळतं, उगाच औषधाला किंवा वाणाला दोष दिला जात नाही.

आखणी करताना हजर राहायला मिळालं तर सोडू नका. काटकोन कसा काढतात ते बघाल, टेपनं एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर आणि तिरकी बाजू बरोबर ५ मीटर आली की कोपरा काटकोनात. शाळेत पाठ केलेलं पायथागोरसचं प्रमेय सुतळी आणि खुंटीनं वावरात उभं राहिलेलं बघायला मला फार आवडलं होतं.

आता ग्रॉस प्लॉट आणि नेट प्लॉट. हे नीट वाचा, कारण इथली चूक शेवटी उत्पादनात जवळजवळ दुप्पट फरक पाडते. आमचं अंतर ९० बाय ६० सेंटीमीटर. एका प्लॉटात ६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १० झाडं, म्हणजे ५.४ बाय ६ मीटर, हा ग्रॉस प्लॉट, ३२.४ चौरस मीटर. पण दोन्ही बाजूची एकेक ओळ आणि ओळीच्या दोन्ही टोकांचं एकेक झाड मोजायचं नाही, कारण त्यांना शेजारच्या प्लॉटचं औषध उडून येतं, शिवाय कडेला हवा-उजेड जास्त मिळतो. उरतात ४ ओळी, प्रत्येकी ८ झाडं, ३.६ बाय ४.८ मीटर, १७.२८ चौरस मीटर. समजा त्या नेट प्लॉटातून २.६ किलो कापूस निघाला तर हेक्टरी साधारण १५ क्विंटल होतो. तोच २.६ किलो चुकून ३२.४ नं भागला तर ८ क्विंटल. वाण तेच, कापूस तोच, आणि कागदावर चांगलं वाण नापास.

एक विनंती मी ट्रायल बघणाऱ्या सरांना केली होती आणि तुम्हीही करा. मला प्लॉट नंबर द्या, कोणत्या प्लॉटात कोणतं औषध आहे ते सांगू नका. माहीत असलं की डोळा आपोआप फसतो हो. "इथं तर भारी औषध आहे, इथं कीड नसणारच" असं मनात बसलं की पान उलटायचा हात जरा हलका पडतो. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं.

झाडं कशी निवडायची

उगवण झाल्यावर दहाव्या दिवशी उगवलेली झाडं मोजायची, खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, किती पडलेत ते लिहायचं, खाडे भरले तर त्याची तारीख लिहायची कारण ते झाड दहा दिवसांनी लहान राहणार. मग विरळणी झाली की प्रत्येक नेट प्लॉटात ५ झाडांना टॅग बांधायचा आणि हंगामभर तीच ५ झाडं.

पाच झाडं निवडताना डोळ्यानं निवडू नका. डोळा नेहमी हिरवंगार, धुऱ्याजवळचं, पोचायला सोपं झाड निवडतो. आम्ही चिठ्ठ्या टाकायचो, ओळ नंबर आणि झाड नंबर, दुसऱ्या ओळीतलं पाचवं आलं तर पाचवंच, मग ते मरतुकडं का असेना. मध्येच टॅगचं झाड मेलं तर गुपचूप शेजारच्याला टॅग बांधायचा नाही. आधी वहीत लिहायचं, झाड मेलं, तारीख, कशानं मेलं असं वाटतं, आणि मग सरांना विचारून दुसरं घ्यायचं. टॅग सैल बांधा, खोड जाड होत जातं, घट्ट बांधलेली सुतळी ऑगस्टमध्ये सालीत रुतलेली मी पाहिलीय.

पान उलटायची पद्धत

हा खरा गाभा आहे, म्हणून इथं जरा थांबते.

वेळ सकाळी सात ते दहा. ऊन वाढलं की पांढरी माशी आणि तुडतुडे चपळ होतात, आपण हात लावायच्या आधीच उडून जातात, मग तुमच्या वहीत अकरा वाजताचे प्लॉट नेहमी स्वच्छ दिसतात. म्हणूनच रोज एकाच टोकापासून सुरुवात करू नका, आज पहिल्या ब्लॉकपासून तर पुढच्या वेळी तिसऱ्यापासून. पण एक ब्लॉक सुरू केला की तो पूर्ण करूनच चहाला जायचं, अर्धा सोडून नाही.

झाडाजवळ जाताना आपली सावली झाडावर पडणार नाही असं उभं राहायचं, सावली पडली की माशी उठते. प्रत्येक झाडाची ३ पानं, एक वरचं, एक मधलं, एक खालचं. पानाच्या देठाला दोन बोटांनी हलकंच धरायचं आणि पान तुमच्याकडे हळू वळवायचं, उपटायचं नाही, झटकायचं नाही. खालची बाजू दिसली की आधी जे पळणार ते मोजायचं, म्हणजे पांढरी माशी आणि तुडतुडे, नंतर जे बसून राहणार ते, मावा आणि फुलकिडे. तुडतुड्याचं पिल्लू ओळखायची खूण म्हणजे ते तिरकं चालतं, खेकड्यासारखं, एकदा पाहिलं की आयुष्यात विसरत नाही. फुलकिडे शिरेच्या कोपऱ्यात लपतात, पिवळसर बारीक रेघेसारखे, तिथं भिंग लागतेच, आणि शंका आली तर पांढऱ्या कागदावर पान हलकं आपटायचं, रेघा चालायला लागतात.

५ झाडं, ३ पानं, म्हणजे प्लॉटला १५ पानं, २४ प्लॉटला ३६० पानं. एका झाडाला दीड मिनिट धरलं तरी तीन तास. हे गणित आधीच सांगतेय कारण जो मुलगा सांगतो की मी तासाभरात सगळी ट्रायल करून आलो, त्यानं काय केलं असेल ते तुम्हीच ओळखा.

समजा १५ पानांवर मिळून ३४ तुडतुडे निघाले, तर दर पानी २.२७. कपाशीत तुडतुड्यांची आर्थिक नुकसानीची पातळी दर पानी २ ते ३ पिल्लं धरतात, फुलकिड्यांची दर पानी १०. शेतकऱ्याच्या वावरात असतात तर तुम्ही फवारणीचा सल्ला दिला असता. ट्रायलमध्ये द्यायचा नाही. फवारणी प्रोटोकॉलमध्ये लिहिल्याप्रमाणेच होणार, आणि कंट्रोलच्या प्लॉटात काहीच होणार नाही, तो किडीनं खाल्ला तरी. आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या मावशी मला रोज म्हणायच्या, "पोरी, एवढ्या पऱ्हाटीवर काहून नाही मारत वं औषध, पाय कशी आकसली." (पऱ्हाटी म्हणजे कपाशी, पाय म्हणजे बघ.) मला खरंच वाईट वाटायचं. पण तो प्लॉट नसेल तर बाकीच्या सात प्लॉटना औषधानं वाचवलं की त्या वर्षी कीडच कमी होती, हे सांगणार कोण. मावशींना मी तसं समजावलं तर त्या म्हणाल्या, "मंग त्याले तसंच राहू दे, थो साक्षीदार होय." इतकं नेमकं मला कोणत्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

औषधाच्या ट्रायलमध्ये निरीक्षणाचे दिवस ठरलेले असतात, फवारणीच्या एक दिवस आधी, आणि नंतर साधारण तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी. सातव्या दिवशी पाऊस आला आणि जाता आलं नाही तर आठव्या दिवशी जा आणि वहीत आठवा दिवस लिहा. सातव्याच्या रकान्यात आठव्याचा आकडा टाकू नका. जाताच आलं नाही तर रकाना कोरा, बाजूला कारण. आणि शून्य आलं तर शून्य लिहायचं, रेघ मारून सोडायचं नाही, कारण शून्य म्हणजे बघितलं आणि सापडलं नाही, कोरं म्हणजे बघितलंच नाही, दोन्ही फार वेगळे.

मित्रकीटकांचा रकानाही भरा, ढालकिडे, क्रायसोपाची अंडी, कोळी. पोरं हा रकाना शेवटी अंदाजानं भरतात, मला ते फार लागतं, कारण एखादं औषध कीडही मारतं आणि कोळीही मारतं हे फक्त याच रकान्यातून कळतं.

माझ्याकडून झालेली चूक

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पहिल्या रेप्लिकेशनचे प्लॉट डावीकडून उजवीकडे १०१ ते १०८ होते. दुसऱ्याचे नंबर उजवीकडून परत येत होते, नागमोडी, कारण चालायला तसं सोयीचं पडतं. डवरणीच्या वेळी बैलाचा पाय लागून दुसऱ्या ब्लॉकच्या काही पाट्या पडल्या होत्या आणि मी पाटी न बघता, डावीकडून २०१ धरून मोजत गेले. दोन निरीक्षणं अशीच लिहिली. सरांनी सरासरी काढली तेव्हा एका ट्रीटमेंटमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या रेप्लिकेशनमध्ये तुडतुडे सगळ्यात जास्त आणि दुसऱ्यात सगळ्यात कमी. तो कंट्रोल होता, हे मला तेव्हा कळलं.

सर ओरडले नाहीत, मला घेऊन प्लॉटवर आले आणि खुंटी शोधायला लावली. क्रम पूर्ण उलटा होता म्हणून आकडे परत जागेवर नेता आले, नाहीतर दोन्ही निरीक्षणं फेकावी लागली असती. त्यांनी मला खोडरबर वापरू दिलं नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवीन आकडा, तारीख, सही, कारण. त्यानंतर मी पाटीचा नंबर मोठ्यानं वाचल्याशिवाय एकही प्लॉट सुरू केला नाही, आणि फोटो काढायचा तर आधी पाटीचा, मग झाडाचा. तुम्हीही पहिल्याच दिवसापासून हे करा. संध्याकाळी चारशे फोटो एकसारख्या हिरव्या पानांचे असतात, कोणता कुठला देवालाही कळणार नाही.

गुलाबी बोंडअळी

पेरणीपासून दीड महिन्याच्या आसपास पात्या-फुलं लागायला लागली की कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, उभे राहतात. नुसता अंदाज घ्यायचा असेल तर एकरी २ सापळे. ल्यूरला, म्हणजे सापळ्यातल्या त्या वासाच्या गोळीला, उघड्या हातानं हात लावायचा नाही, आणि लावल्याची तारीख सापळ्यावरच मार्करनं लिहायची, म्हणजे बदलायची कधी ते विसरणार नाही. सापळा पिकाच्या टोकापेक्षा थोडा वर, पीक वाढेल तसा वर सरकवायचा. रोज सकाळी पतंग मोजायचे आणि रिकामा करायचा, रिकामा करायला विसरलात तर उद्या कालचेच पतंग परत मोजाल. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले तर ती धोक्याची पातळी.

दुसरी खूण डोमकळी. फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या वळतात, आत अळीनं जाळं केलेलं असतं. पहिला आठवडा मला एकही सापडली नव्हती आणि मी वहीत शून्य लिहीत होते. मग मावशींनी एक फूल हातात दिलं, "थे उघडून पाय, आत बसून आहे." पाकळ्या सोडवल्या तर आत पांढरट बारीक अळी, डोकं काळपट, गुलाबी अजिबात नाही. लहानपणी ती पांढरीच असते, गुलाबी रंग नंतर येतो, आणि मी गुलाबी काहीतरी शोधत होते. १०० फुलांत किती डोमकळ्या हे टक्क्यात लिहायचं, १० टक्के म्हणजे धोका. हिरवी बोंडं फोडून बघायची वेळ त्यानंतर येते, आणि ती बोंडं टॅगच्या झाडाची किंवा नेट प्लॉटातली कधीच तोडायची नाहीत, कडेच्या ओळीतली तोडायची, नाहीतर आपणच उत्पादन कमी करून ठेवू.

जे कीड नाही ते कीड म्हणून लिहू नका

पान लाल झालं की तुडतुडे असं सरसकट लिहितात. तुडतुड्यानं आधी पानाची कड पिवळी पडते, खाली वळते, मग लालसर होते. लाल्या या विकृतीत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो, त्याचं कारण मॅग्नेशियमची कमतरता असू शकतं. मोठी उघाड आणि मग जोरात पाऊस आला की काही तासांत चांगली झाडं मान टाकतात, ती आकस्मिक मर, बुरशीचा मर रोग नव्हे, मुळांना हवा मिळत नाही म्हणून होतं. आणि पानं अचानक भेंडीच्या पानासारखी अरुंद, बोटं फुटल्यासारखी झाली तर रोग शोधत बसू नका, शेजारी कोणी टू-फोर-डी तणनाशक मारलंय का ते विचारा, कपाशी त्या औषधाला फार नाजूक आहे. खात्री नसेल तर वहीत नाव लिहू नका, जे दिसतं ते लिहा: "वरची पानं अरुंद, शिरा जवळ, ५ पैकी ३ झाडं, पश्चिमेच्या कडेला जास्त." नाव सर देतील.

सोयाबीन थोडक्यात

इथं झाड नाही, ओळीची लांबी मोजतात. एक मीटरची काठी ओळीला समांतर ठेवायची, दोन ओळींच्या मध्ये पांढरं कापड किंवा खताची उलटी गोणी अंथरायची, झाडं तिच्यावर वाकवून हलवायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या, उंट अळी वेगळी, तंबाखूवरची पानं खाणारी अळी वेगळी. मीटर ओळीत ३ ते ४ अळ्या म्हणजे पातळी ओलांडली. चक्रीभुंग्यासाठी वरचं एखादंच पान सुकून लोंबतंय का बघा, देठावर किंवा फांदीवर दोन गोल खाचा कापलेल्या दिसतील. खोडमाशी बाहेरून दिसत नाही, ब्लेडनं खोड उभं चिरलं की आत लालसर नागमोडी बोगदा दिसतो. हेही कडेच्या झाडावरच.

आपल्या विदर्भ-मराठवाड्यात २००८ साली सोयाबीनवर या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला होता, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप सुरू झालं, गावोगावी ठरावीक प्लॉटवर कीड मोजायची आणि त्यावरून सल्ला द्यायचा. ते सगळं याच मोजणीवर उभं आहे.

स्वतःची काळजी, इथं तडजोड नाही

२०१७ साली आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. हे मनात ठेवूनच ट्रायल फार्मवर पाय ठेवा. फवारणी कोणत्या तारखेला, कोणत्या प्लॉटात, याची पाटी किंवा वही असते, ती रोज सकाळी आधी बघायची. त्याच दिवशी फवारलेल्या प्लॉटात कोणी कितीही म्हणालं तरी जायचं नाही, लेबलवर किती वेळ थांबायचं दिलेलं असतं ते वाचायचं. डब्यावरचा त्रिकोण ओळखायला शिका, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा आहे म्हणून उघड्या हातानं हाताळायचं असं नाही. जेवायच्या आधी साबणानं हात धुवा, शेतातले कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर "उन्हानं झालं असेल" म्हणून बसू नका, लगेच सांगा, १०८ ला फोन करा, आणि औषधाचं लेबल दवाखान्यात सोबत न्या, मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत पोचल्यावर डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

ऊन तर आहेच, मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आखणीची कामं सकाळी दहाच्या आत आटपा, मीठ-साखर पाणी सोबत ठेवा. पावसाळ्यात वीज. दामिनी ॲप फोनमध्ये टाका आणि गडगडायला लागलं की प्लॉट सोडा, झाडाखाली थांबू नका, राहिलेला ब्लॉक उद्या. सापासाठी गमबूट आणि हातात काठी, गवतात आधी काठी आणि मग पाय. चावलाच तर बांधणं-चिरणं काही नाही, हालचाल कमी आणि थेट मोठा दवाखाना.

मुलींसाठी वेगळं सांगते. फार्मवर बाथरूम कुठं आहे, ते उघडं असतं का, हे पहिल्याच दिवशी निःसंकोच विचारा, मी लाजून दोन आठवडे पाणी कमी प्यायले आणि जुलैच्या दमट उन्हात चक्कर येऊन बसले. एकटीनं शेवटच्या ब्लॉकला जाऊ नका, निंदणाच्या बाया ज्या बाजूला असतील ती बाजू आधी घ्या. जायला-यायला खापरीपर्यंत मेट्रो आहे, पुढचं कसं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

आणि पाऊस पडून गेला की वापसा आल्याशिवाय आत शिरू नका. काळी चिकण जमीन ओली असताना चालाल तर माती दबते, तुमच्या पायवाटेजवळची झाडं बुटकी राहतात, आणि तेही आकड्यात येतं.

संध्याकाळ आणि शेवटचा आठवडा

वहीतला आकडा त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये. उद्यावर टाकलेलं परवावर जातं, आणि परवा तुम्हाला तो ७ होता की १ हे आठवत नाही. वहीच्या पानाचा फोटो रोज काढून सरांना पाठवून द्या, वही भिजली तरी डेटा राहतो. विश्लेषण करताना किडींचे आकडे तसेच घेत नाहीत, त्यात ०.५ मिळवून वर्गमूळ घेतात, कारण बरेच शून्य आणि मध्येच एखादा चाळीस असा डेटा असतो, तर टक्केवारीला आर्कसाईन लावतात. हे रूपांतर तुम्ही करू नका, मूळ आकडे तसेच द्या, पण का करतात ते सरांसोबत एकदा बसून समजून घ्या, मुलाखतीत हमखास विचारतात.

रिपोर्टमध्ये पानंच्या पानं किडीचं जीवनचक्र उतरवू नका, ते सगळ्यांकडे आहे. तुमच्या प्लॉटचा आराखडा, निरीक्षणाच्या तारखा, त्या त्या दिवशीचा पाऊस, सुटलेली निरीक्षणं आणि कारणं, झालेल्या चुका आणि कशा सुधारल्या, हे लिहा. डेटा छापायचा किंवा कुठं दाखवायचा तर लेखी परवानगी घ्या, वाण अजून बाहेर आलेलं नसतं.

आपण ऑगस्टला निघतो पण कपाशी डिसेंबरपर्यंत उभी असते. त्यामुळे शेवटच्या दिवशी जो कोणी पुढं मोजणार आहे त्याला घेऊन २४ ही प्लॉट फिरा. कुठली पाटी पडकी आहे, कुठल्या टॅगचं झाड बदललं, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, दुसऱ्या ब्लॉकचे नंबर कुठून सुरू होतात, सगळं झाडाजवळ उभं राहून दाखवा. मी वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर पुढच्या निरीक्षणाची तारीख टाकली, रकाने आखले, २०१ उजवीकडून असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पेन्सिल आत ठेवून वही त्या मुलाच्या हातात दिली.